मदत करा, पण हक्कांचं बोलू नका?

वर एकांनी लिहिलंय की कॅरितासने शिलाई मशीन वाटावी, पूरग्रस्तांना धान्य द्यावं, हक्कांच्या भानगडीत पडू नये. मला हे अजिबात पटत नाही. कॅरितास इंडिया ही १९६२ पासून भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेची सेवासंस्था आहे. माणूस गरीब का राहतो, हे तिने विचारायचं नाही तर कोणी?

निदान नागपूरकरांनी तरी असं म्हणू नये. १९५६ साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत यायला १९९० उजाडलं, तेही मागणी लावून धरली म्हणून. दलित ख्रिस्ती मात्र या यादीला धर्माची अट घालणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे आजही बाहेरच आहेत. केंद्रानेच नेमलेल्या रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्येच ही धर्माची अट काढायला सांगितलं होतं. चर्चचे लोक दर १० ऑगस्टला निषेध करतात तो यासाठीच.

आजोबा झाडू मारत होते, बापही तेच करतो. पण पोराच्या अर्जावर धर्म ख्रिस्ती असला की अनुसूचित जातीचा दाखला नाही. वस्तीत जातीवरून कुणी शिवी दिली, तर ॲट्रॉसिटीचा कायदाही त्याच्या बाजूने उभा राहत नाही. यात शिलाई मशीन काय करणार, सांगा ना.