मदत हवी आहे: ५० सीसी पेट्रोल इंजिन गरम झालं की थ्रॉटलला अडखळतंय

मंडळी, जरा मार्गदर्शन करा. रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं ५० सीसी टू-स्ट्रोक इंजिन, डायफ्रॅमवालं कार्ब (कार्ब्युरेटर), २२x८ प्रॉप (पंखा), पेट्रोल-ऑइल ३२:१. थंड असताना चोक लावून चार-पाच वेळा प्रॉप फिरवला की एक फट्ट आवाज येतो, चोक काढला की लगेच सुरू. मग दोनेक मिनिटं आयडलच्या (सगळ्यात कमी वेगाच्या) थोडं वर ठेवतो, सिलेंडर हाताला चांगला गरम लागेपर्यंत फुल थ्रॉटल देतच नाही, आणि कार्बमधलं इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुयांना हातसुद्धा त्यानंतरच लावतो कारण थंड इंजिनवर केलेली सेटिंग पुढे खोटी ठरते हे एकदा चांगलंच अनुभवलंय.

एच सुई (जास्त वेगाची) टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) लावून पीकपर्यंत, म्हणजे सर्वाधिक आरपीएमपर्यंत नेली आणि तिथून साधारण २०० आरपीएम उतरेल इतकी रिच (इंधन जास्त) केली, नाक वर धरलं तरी आवाज पडत नाही. खरा घोळ एल सुईचा (कमी वेगाच्या) आहे. पाच-सहा मिनिटं उडवून आयडलवरून स्टिक एकदम पुढे ढकलली की इंजिन क्षणभर गप्प होतं, धूर अजिबात नाही, म्हणजे लीनच (इंधन कमी) ना? पण एल १/८ फेरा उघडली तर लांब आयडलनंतर घरघर करत, धूर सोडत उचलतं.

आणि हे सगळं काउल (इंजिनवरचं झाकण) लावल्यावरच होतं! काउलमधला हवेचा दाब कार्बच्या डायफ्रॅमच्या भोकावर येत असेल का? तिथे नळी लावून ती फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) नेलीय का कोणी? की आधी हवा बाहेर जायची जागा मोठी करू? विमान फार जीव लावून बांधलंय, लँडिंगला इंजिन बंद पडायची भीती वाटते.