‘पेटंट ट्रोल’ला मराठीत काय म्हणाल?

शाईचा डाग:
अमेरिकेतल्या ‘पेटंट ट्रोल’ कंपन्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. ट्रोल तसाच ठेवला, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, “म्हणजे पेटंट घेणाऱ्याची फेसबुकवर टर उडवतात का?” इथे अर्थ वेगळा: स्वतः काही बनवायचं नाही, विकायचं नाही, कुणाची तरी पेटंटं विकत घ्यायची आणि नोटिसा धाडून पैसे काढायचे. पेटंटसाठी ‘एकस्व’ हा मराठी शब्द नको, त्याच्यापुढे कंसात ‘पेटंट’ लिहावंच लागतं.

पाटावरवंटा:
सरळ ‘खंडणीखोर’ लिहा की! एमपीएचजे टेक्नॉलॉजी नावाच्या कंपनीची पत्रं १६,००० हून जास्त छोट्या-मध्यम धंद्यांना गेली होती. तुमच्या ऑफिसातलं मशीन कागद स्कॅन करून थेट ईमेलने पाठवतं? ते आमचं पेटंट. लायसन्स घ्या, माणशी १,००० ते १,२०० डॉलर, नाहीतर दावा लावतो. दावा लावायचा इरादा नव्हताच, असा फेडरल ट्रेड कमिशनचा (अमेरिकेतल्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) आरोप होता. २०१४ मध्ये ते प्रकरण मिटलं. दहा माणसांच्या ऑफिसला दहा हजार डॉलर, स्कॅनरचं बटण दाबल्याबद्दल! हप्तावसुली आणखी कशाला म्हणतात?

कज्जेदलाल:
थांबा, तो शब्द वापरून झालाय. इंटेलने अशाच एका विरोधकाला इंग्रजीत ‘खंडणीखोर’ म्हटलं, तर अब्रूनुकसानीचा दावा अंगावर आला. मग त्यांचे वकील पीटर डेटकिन यांनी २००१ च्या सुमारास ‘ट्रोल’ रूढ केला. नॉर्वेच्या लोककथेतला ट्रोल पुलाखाली बसतो आणि वरून जाणाऱ्या बोकडांना अडवतो. (पुढे डेटकिन पेटंटं विकत घेणाऱ्या इंटलेक्च्युअल व्हेंचर्स या कंपनीत गेले, आणि लोक त्या कंपनीलाच ट्रोल म्हणू लागले!)

खंडणी बेकायदा असते, यांच्या हातात तर सरकारने दिलेलं पेटंट असतं. अमेरिकेत खटला जिंकलात तरी वकिलाची फी सहसा आपल्याच खिशातून जाते, आणि पेटंटचा खटला शेवटपर्यंत लढायचा तर दशलक्षांनी डॉलर लागतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या एका म्हणीवर यांचा धंदा चालतो. ब्लॅकबेरी फोनवाल्या रिम कंपनीने २००६ मध्ये एनटीपी या पेटंटधारक कंपनीला ६१.२५ कोटी डॉलर मोजले, तेव्हा त्या पेटंटांची फेरतपासणी अजून संपलीही नव्हती.

हापूसनंतर:
आमच्या रत्नागिरीकडे विचाराल तर हा ‘पेटंटखोत’. राबायचं कुळाने, वसुली गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताची. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, शब्द मोकळाच पडलाय. (आजोळ खोतांचं आहे, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.)

शाईचा डाग:
झकास! पण अकोल्याच्या वाचकासाठी तळटीप द्यावी लागेल. मग ‘न कसणारा पेटंटधारक’ कसं वाटतं? इंग्रजीतही ‘नॉन-प्रॅक्टिसिंग’ म्हणतातच.

कज्जेदलाल:
त्यात विद्यापीठंही येतात, ताई. संशोधन करतात, पेटंट घेतात, कारखाना काढत नाहीत. त्यांना ट्रोलच्या पंगतीत बसवू नका. तेव्हा नुसतं ‘न कसणं’ पुरत नाही, धाक दाखवणंही शब्दात आलं पाहिजे. आपल्या १९७० च्या कायद्यात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत: पेटंट इथे वापरात आणलं का, ते फॉर्म २७ भरून सांगायचं, आणि कुणी उगाच दाव्याची धमकी दिली, तर कलम १०६ खाली आपणच कोर्टात जायचं.

शाईचा डाग:
मग ‘पेटंटखोर’? भांडखोर, चुगलखोर, नफेखोर यांना गुन्हेगार म्हणत नाही आपण, पण खोड बरोबर कळते. पहिल्या उल्लेखाला पुलाची गोष्ट एका वाक्यात सांगेन.

पाटावरवंटा:
माझ्या खंडणीतला ‘खोर’ तेवढा राहिला म्हणायचा. चालेल. कंपनीलाही लावता येतो, आणि धंद्याला ‘पेटंटखोरी’ हे नावही आयतं मिळतं. ट्रोलचं ‘ट्रोली’ करून बघा, लोक रेल्वे स्टेशनवर जातील.