‘मी’ म्हणजे कोलटकर नव्हे

अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितासंग्रहात सगळीकडे एकच शहरी, कोरडा माणूस बोलतो, असं एक मत आहे; मला ते नाही पटत. त्यातली ‘मकरंद’ ही कविता घ्या. शर्ट काढून पूजेला आत जायला ठाम नकार देणारा, त्यापेक्षा अंगणात सिगरेट ओढतो म्हणणारा तो ‘मी’ मला तरी मकरंदच वाटतो. वाघ्या आणि मुरळी तर आपापल्या तोंडानंच गातात.

आणि सुरुवातीची बसची कविता! तिथे ‘मी’ नाहीच, ‘तू’ आहे. समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्यात आपलाच दुभंगलेला चेहरा दिसतो तो ‘तू’ला. म्हणजे बोलणाऱ्यानं वाचकालाच सीटवर बसवलंय. स्वारगेटहून एसटीनं जेजुरीला जाताना (हो, उभ्यानं) हे मला फार जाणवलं. दुसऱ्या एका कवितेत पन्नास पैशांसाठी मागे लागणारी म्हातारीही या ‘तू’लाच चिकटते. ती एकच वाक्य बोलते आणि त्याची सगळी ऐट उतरते.

कोलटकरांच्या मराठी कवितेतलं उदाहरण हवं तर ‘चिरीमिरी’ संग्रहातले बळवंतबुवा आहेतच. पण त्यांचा ‘भिजकी वही’ हा संग्रह वाचून मग बोलू. अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया, ग्रीक पुराणकथेतली कॅसांड्रा, सूफी संत राबिया... तिथे कोरडा माणूस शोधून दाखवा.