मदत हवी आहे: मराठवाड्यातील चांगल्या बातम्यांच्या समूहासाठी नियमावली

नमस्कार.

अंबाजोगाईतील आम्ही काही मंडळी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील सदस्य असलेला, केवळ चांगल्या बातम्यांना वाहिलेला एक व्हॉट्सॲप समूह चालवतो. मराठवाड्याचे नाव बाहेर निघते ते बहुधा दुष्काळ, शेतकरी आत्महत्या किंवा २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने आणावे लागलेले पाणी यांच्या संदर्भात. ते सारे खरे आहे, पण आमच्या गावांत त्याखेरीजही पुष्कळ काही घडत असते आणि ते एकमेकांना कळावे, या इच्छेने समूह सुरू झाला. आता सदस्यसंख्या १०२४ च्या मर्यादेकडे सरकू लागल्यामुळे तोंडी सांगून भागत नाही. लेखी नियम करताना आम्ही काही ठिकाणी अडलो आहोत, आणि त्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

काही नियमांवर फारसा वाद झाला नाही. शुभ सकाळची चित्रे, वाढदिवसाचे फलक, भूमिपूजनाची छायाचित्रे आणि मदतीचे आवाहन करणारे क्यूआर कोड बंद. ज्या संदेशावर अनेकदा फॉरवर्ड केल्याची खूण दिसते तो बंद, कारण त्याचा मूळ धनी कोण हे सांगता येत नाही. बातमीत गाव, तालुका, दिनांक आणि ती आपल्याला कशी कळली, हे चार तपशील हवेत.

खरा पेच आहे तो बातमी कोणासाठी चांगली, हा. दर पावसाळ्यात जायकवाडी भरल्याची छायाचित्रे येतात, आणि त्यांत मागील वर्षांचीही मिसळलेली असतात. छत्रपती संभाजीनगर आणि जालना शहरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी, उजव्या कालव्यातून माजलगाव धरणापर्यंत जाणाऱ्या पाण्यासाठी ही बातमी निःसंशय आनंदाची असते. परंतु धरणाचे सत्तावीस दरवाजे उघडण्याची वेळ येते तेव्हा गोदाकाठच्या गेवराई, अंबड, पाथरी, गंगाखेडच्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो घरातले सामान उंचावर हलवण्याचा. २००६ साली पैठण शहरात शिरलेले पाणी अनेकांनी स्वतः पाहिले आहे. म्हणून माझ्या मसुद्यात असे आहे की धरणाची बातमी त्याच दिवसाची असावी, तीत पाणीसाठ्याची टक्केवारी आणि विसर्ग सुरू आहे किंवा नाही हे दोन्ही लिहावे, आणि खालच्या गावांना सतर्कतेचा इशारा असेल तर अभिनंदनाचे शब्द वापरू नयेत. आमच्यातील दोघांचा आक्षेप असा की मग ती चांगली बातमी न राहता सरकारी निवेदन होईल. मला त्यांचे म्हणणे पटत नाही, परंतु नियमाची भाषा कोरडी झाली आहे हे मान्य आहे.

हाच प्रश्न २०२५ च्या सप्टेंबरात अधिक तीव्रतेने पुढे आला. धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे सोयाबीन पाण्याखाली गेले, कित्येक ठिकाणी शेतातली माती खरवडून गेली, जनावरे वाहून गेली, आणि त्याच दिवसांत समूहात मदतवाटपाची छायाचित्रे येऊ लागली. मदत पोचली ही चांगलीच बातमी. पण ज्या माणसाच्या हातात किराण्याचे पाकीट देताना छायाचित्र काढले, त्याचा चेहरा आठ जिल्ह्यांत फिरावा का? काल-परवापर्यंत तो स्वतः चार माणसांना जेवू घालणारा शेतकरी होता. मदत करणाऱ्याचे नाव आणि कामाचे वर्णन लिहावे, घेणाऱ्याचा चेहरा दाखवू नये, असा नियम मी सुचवला आहे आणि त्यावर मी ठाम आहे. असा नियम कोठे प्रत्यक्ष पाळला जात असेल तर त्याची शब्दरचना कृपया द्यावी.

यशाच्या बातम्यांत प्रश्न थोडा निराळा आहे. ऊसतोड कामगारांची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली, तर त्या बातमीतून ऊसतोड हा शब्द काढून टाकणे म्हणजे तिच्या आईवडिलांच्या कष्टांनाच वगळणे होय, असे काही सदस्य मानतात. धारूर, वडवणी, शिरूर कासार भागातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण घराच्या पत्र्याचे, चुलीचे छायाचित्र टाकून हळहळ व्यक्त करणे वेगळे. सध्याचा मसुदा असा: कुटुंबाची परिस्थिती सांगायची की नाही हे त्या व्यक्तीने स्वतः ठरवावे, तिला विचारल्याचे पाठवणाऱ्याने नमूद करावे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी. गुणपत्रिका, बैठक क्रमांक आणि मोबाइल क्रमांक कोणाचेही टाकू नयेत.

त्याला जोडूनच जातीचा उल्लेख येतो. पारधी वस्तीवरील पहिला मुलगा डॉक्टर झाला, तर त्यातील पहिला हा शब्दच बातमी आहे. इतर ठिकाणी मात्र समाजाचे नाव लिहिताच अभिनंदन बाजूला राहते आणि आरक्षणाचा वाद सुरू होतो. गेल्या काही वर्षांतील आपल्या भागातील वातावरण पाहता हे गांभीर्याने घ्यावे लागते. सरसकट बंदी घातली तर ज्यांच्यासाठी ही नोंद सर्वांत मोलाची आहे त्यांच्यावरच अन्याय होतो, आणि मोकळीक दिली तर भांडण ठरलेले. यावर मला अद्याप समाधानकारक वाक्य सुचलेले नाही.

निकालाच्या दिवसांत लातूर आणि नांदेड येथील शिकवणी वर्गांच्या जाहिराती चांगल्या बातमीच्या रूपाने येतात. त्यावर विद्यार्थ्याचे गाव आणि शाळा लिहावी, शिकवणी वर्गाचे नाव लिहू नये, असे ठरत आले आहे.

ज्या नियमाची मला सर्वाधिक काळजी वाटते तो शंका विचारणाऱ्याविषयी आहे. एखाद्याने बातमीचा आधार विचारला की, चांगल्यातही तुम्हाला खोट दिसते का, असे त्याला सुनावले जाते आणि पुढच्या वेळी तो गप्प राहतो. चांगल्या बातम्यांच्या समूहात खोटी बातमी अधिक सहज टिकते, कारण ती खरी असावी असे सर्वांनाच वाटत असते. म्हणून आधार विचारणे ही टीका मानली जाणार नाही, असे स्पष्ट लिहायचे आहे. तसेच ॲडमिनने चुकीची बातमी गुपचूप पुसू नये, काय चुकले ते त्याच समूहात लिहावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केले आहे की सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशाची जबाबदारी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याच्यावर येत नाही. तेव्हा कायद्याच्या धास्तीने हे नियम होत नाहीत. बातमीवर विश्वास ठेवून कोणी दुसऱ्या जिल्ह्यातून ते काम पाहायला येतो, त्याचा फेरा वाया जाऊ नये, एवढाच हेतू आहे.

संपूर्ण मसुदा सध्या दोन पाने झाला आहे आणि तो कोणी वाचणार नाही, याची जाणीव आहे. असा समूह चालवलेल्यांनी कोणते नियम प्रत्यक्षात पाळले गेले आणि कोणते कागदावरच राहिले, हे सांगितल्यास मोठी मदत होईल.

भर: काही प्रतिसादांत, फक्त ॲडमिननेच बातम्या टाकाव्यात, असा सल्ला आला आहे. त्याबद्दल आभार. पण तसे केल्यास आमच्या ओळखीच्या बीड-लातूर पट्ट्यातल्याच बातम्या येत राहतील आणि सेनगाव किंवा भोकरदनचा सदस्य केवळ वाचक उरेल. त्याऐवजी प्रत्येक जिल्ह्यात एक व्यक्ती नेमून, शंका आल्यास तिने त्या गावात फोन करून खातरजमा करावी, असा पर्याय आम्ही विचारात घेतला आहे. सहा जिल्ह्यांत तशी माणसे मिळाली आहेत. हिंगोली आणि जालना येथील कोणी हे काम करण्यास तयार असेल, तर कृपया येथेच प्रतिसादात कळवावे.