‘आधी रोजगार, प्रदूषणाचं नंतर बघू’ या पोस्टला उत्तर

खाडीकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं की गरीब देशाला पर्यावरणाची चैन परवडत नाही, जपाननेही आधी कारखाने काढले आणि मग साफसफाई केली. त्यालाच हे उत्तर, लांबलं तरी वाचा.

जपानचंच घ्या. मिनामाता या किनाऱ्यावरच्या शहरातले पाऱ्याच्या विषबाधेचे रुग्ण १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदले गेले. कारखान्याने पाऱ्याचं सांडपाणी समुद्रात सोडणं थांबवलं १९६८ मध्ये. मधल्या काळात तिथले मासे खाल्लेल्या आयांच्या पोटी पंगू मुलं जन्मली. त्यांची साफसफाई कशी करायची होती? आणि आपलं भोपाळ? २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, गळणारा वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरचा पाइप जोडलेला नव्हता. अज्ञान नव्हतं, खर्च वाचवला होता. तिथला ३३७ टन कचरा उचलायला २०२५ उजाडलं. तुमचं ‘नंतर’ इतकं लांब असतं.

लघुउद्योजक: पोस्ट माझीच. भोपाळचं नाव घेतलं की पुढे कुणी बोलूच नये अशी अपेक्षा असते. मी ईटीपी, म्हणजे कारखान्यातलं सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र, चालवतो; सीईटीपीला, म्हणजे सगळ्या कारखान्यांच्या सामायिक शुद्धीकरण केंद्राला, दरमहा पैसे भरतो. पुढे सीईटीपीचंच पाणी मर्यादेत बसत नाही आणि कारखाना बंद करायची क्लोजर नोटीस येते मला. रात्री टँकर नाल्यात रिकामा करणारा मात्र मोकळा. माझ्याकडच्या तीस घरांच्या चुली तुम्ही पेटवणार का?

रंगकामगाराचा मुलगा: चुलीचं मी सांगतो. वडील रंग बनवणाऱ्या एका डाय कंपनीत ठेकेदाराकडे होते. आंघोळ करून झोपले तरी सकाळी उशीचा अभ्रा पिवळा. पुढे मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. हजेरी ठेकेदाराच्या वहीत, ईएसआयचा कामगार विमा नाही, म्हणजे ते तिथे कामाला होते याचाच पुरावा नाही. रोजगार दिला म्हणता ना? कागदावर तोही दिलेला नव्हता.

डोंबिवलीकर: आमच्याकडे २०१४ ला हिरवा पाऊस पडला, २०२० ला रस्ता गुलाबी झाला, २०१६ आणि २०२४ ला स्फोट. खिडक्या फुटल्या की मंत्री येतात, स्थलांतर करू म्हणतात. बस्स झालं, हलवा कारखाने.

लघुउद्योजक: एमआयडीसी आधी आली की तुमच्या बिल्डिंगी? शेजारी रसायनांचा रिॲक्टर आहे हे फ्लॅट घेताना दिसत नव्हतं?

डोंबिवलीकर: तोंड सांभाळून बोला. परवानगी बघून, आयुष्यभराचं कर्ज काढून घर घेतलंय. बांधकामाला परवानगी दिली ती सरकारी माणसांनीच. पहिल्या लोकलला लटकून जाणाऱ्या माणसाने कंपनीच्या टाकीत काय साठवलंय हे तपासत बसायचं?

नकाशावाला: नगररचनेत काम केलंय म्हणून सांगतो. कारखाना आणि वस्ती यांच्यात बफर, म्हणजे मोकळा पट्टा, सोडायचा असतो, तो कागदावर असतोही. मग तिथे टपऱ्या येतात, चाळ उभी राहते, ती नियमित होते, आणि मग टॉवर. यात बिल्डर, नगरसेवक, अधिकारी सगळे आले. फ्लॅटवाल्याला एकट्याला झोडपू नका.

डोंबिवलीकर: टॉवरवाले आम्ही नाही, आमची चार मजली सोसायटी आहे!

खाडीकाठ: झालं, धागा बिल्डिंगींवर गेला. आमचं गाव एमआयडीसीच्या कितीतरी आधीचं आहे हो. आम्ही कुठला फ्लॅट बघून घेतला? पावसाचा पहिला जोर आला की वरून कारखान्यांचं पाणी खाडीत सोडतात आणि सकाळी बोय, जिताडा हे मासे पोट वर करून तरंगतात. तक्रार केली की दोन दिवसांनी नमुना घ्यायला माणूस येतो, तोवर भरतीने सगळं वाहून नेलेलं. अहवालात पाणी ठीक. तुमच्या तीस चुली मोजता, माझ्या गावातल्या होड्या कुणी मोजल्या?

लघुउद्योजक: तुमच्या नमुन्याचं खरं आहे, मान्य करावं लागेल. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. सीईटीपीला ऑनलाइन मीटर बसवलेत, त्याचे आकडे कार्यालयात अडकतात. ते गेटवर फलकावर लावा, माझीही काही हरकत नाही.

रंगकामगाराचा मुलगा: आणि ठेकेदाराची वही?

लघुउद्योजक: त्यावर मी आत्ता बोलत नाही.

रंगकामगाराचा मुलगा: मी बोलणार. गेटवर आकडे लावाल तेव्हा आत किती माणसं आहेत, त्यांची नावं काय, तेही लावा.