सेंट्रोमिअरचे काम तेच, मग त्याचा डीएनए इतक्या झपाट्याने का बदलतो?

अनुलोम
पेशीविभाजनात तर्कूचे (गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणाऱ्या रचनेचे) तंतू गुणसूत्राच्या ज्या भागाला जोडले जातात, तो सेंट्रोमिअर. ही जोडणी फसली तर एका कन्यापेशीत गुणसूत्र जास्त जाते, दुसरीत कमी पडते. इतक्या कळीच्या जागेचा डीएनए उत्क्रांतीत जपला गेला असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात माणसात १७१ बेसजोड्यांचा (बेसजोडी म्हणजे डीएनएच्या क्रमातले एक अक्षर) तुकडा हजारो वेळा एकापुढे एक येतो, घरातल्या उंदरात १२० बेसजोड्यांचा, तर अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत सुमारे १७८ बेसजोड्यांचा. माणूस आणि उंदीर दोघेही सस्तन, पण १७ बेसजोड्यांची एक छोटी खूण सोडली, तर या तुकड्यांत सांगण्यासारखे साम्य नाही. कामात काडीचाही फरक नसताना क्रमात एवढी उलथापालथ का व्हावी?

पेशीपुराण
सेंट्रोमिअर कोठे असेल हे, निदान बहुतेक प्राण्यांत आणि वनस्पतींत, डीएनएचा क्रम ठरवत नाही. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांपैकी एच३ या हिस्टोनच्या जागी तेथे त्याचे एक वेगळे रूप बसलेले असते. प्राण्यांत त्याला सेन्प-ए म्हणतात, वनस्पतींत सेनएच३. डीएनएची नक्कल होताना हे प्रथिन दोन्ही प्रतींत वाटले जाते आणि पुढची भरती त्याच ठिकाणी होते, म्हणजे जागेची आठवण प्रथिनाकडे असते. घोड्याच्या ११ व्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरवर असे पुनरावृत्त तुकडे मुळीच नाहीत, तरी ते गुणसूत्र पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत वाटले जाते. भाताच्या ८ व्या गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरमध्ये तर चालू स्थितीतील जनुकेही सापडली आहेत. माणसातही क्वचित नेहमीची जागा सोडून भलत्याच ठिकाणी नवा सेंट्रोमिअर तयार झालेला आढळतो. क्रमावर काम अडून नसेल, तर तो बदलायला मोकळा राहतो.

रानजाई
मोकळीक मिळाली एवढ्याने वेग समजत नाही, कारण स्वतः सेनएच३ हे प्रथिनही अनेक वंशांत भरभर बदलले आहे आणि त्याला मोकळीक मुळीच नाही. हेनिकॉफ, अहमद आणि मलिक यांनी २००१ मध्ये यावर जो विचार मांडला, तो मला आजही सर्वांत समर्पक वाटतो. मादीच्या अर्धगुणसूत्री विभाजनातून (गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या विभाजनातून) चार पेशी निघू शकतात, पण त्यांपैकी एकच पुढे टिकते: प्राण्यांत ती अंडपेशी होते आणि बाकीच्या ध्रुवीय पिंड म्हणून वाया जातात, बहुतेक सपुष्प वनस्पतींत चारपैकी तीन महाबीजाणू (मादीच्या बाजूच्या या विभाजनातून झालेल्या पेशी) मरतात. अशा वेळी जो सेंट्रोमिअर जास्त प्रथिने ओढून घेऊन अंडपेशीच्या बाजूला वळतो, तो निम्म्याहून अधिक संततीत पोहोचतो, मग त्याने त्या जिवाचे काही भले होवो वा न होवो. त्याची झळ नराला बसू शकते, कारण असमान सेंट्रोमिअरांची जोडी नरातल्या विभाजनात घोळ करू शकते; म्हणून हा पक्षपात दाबणारे प्रथिनातील बदल निवडले जातात, आणि मग डीएनएत नवी कुरघोडी सुरू होते. मिम्युलस या फुलझाडात हे उघड दिसले आहे: दोन जातींच्या संकरात मादीच्या बाजूने एकाच जातीचा सेंट्रोमिअर ९८ टक्क्यांहून अधिक वेळा पुढे जातो, आणि ज्या झाडांत तो दोन्ही प्रतींत असतो त्यांचे पराग कमी सक्षम असतात.

पेशीपुराण
मिम्युलसचा दाखला भक्कम आहे, पण त्यावरून सरसकट नियम काढू नये. अरॅबिडॉप्सिस बहुतांशी स्वपरागित आहे. दोन्ही प्रती जवळजवळ सारख्याच असल्यावर स्पर्धा कोणाची कोणाशी? तरीही तिच्या वेगवेगळ्या वाणांचे सेंट्रोमिअर एकमेकांपासून खूपच वेगळे निघाले आहेत. तेथे अथिला कुळातील रेट्रोट्रान्स्पोझॉन (स्वतःची प्रत काढून डीएनएत दुसरीकडे शिरणारे तुकडे) पुनरावृत्त तुकड्यांच्या मध्ये घुसतात, आणि शेजारच्या प्रतींवरून नव्याने नक्कल होत राहिल्याने ते पुसलेही जातात. हे चक्र पक्षपाताविनाही चालू शकते.

अनुलोम
दोन्ही कारणे पटतात. पण मग गुणसूत्रांची संख्या बदलते तेव्हा काय होते? दोन गुणसूत्रे जोडली गेली तर सेंट्रोमिअरही दोन होतील.

रानजाई
दोन्ही चालू राहिले तर विभाजनात गुणसूत्र दोन्हीकडून ओढले जाऊन तुटते. मक्यातील हे तुटणे-जुळणे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी दाखवून दिले. जोडणी टिकायची तर एक सेंट्रोमिअर थंडावावा लागतो. माणसाचे २ रे गुणसूत्र अशा जोडणीतून झाले, म्हणून चिंपांझीत ४८ आणि आपल्यात ४६. बंद पडलेल्या सेंट्रोमिअरच्या खुणा त्यावर अजून ओळखू येतात. भेकराच्या कुळात हे टोकाला गेले आहे: चिनी भेकरात ४६ गुणसूत्रे आहेत, भारतीय भेकराच्या मादीत ६ आणि नरात ७.
याच्या उलट ल्युझुला, ऱ्हिंकोस्पोरा यांसारख्या वनस्पतींत, तसेच फुलपाखरांत, तंतू गुणसूत्राच्या जवळजवळ संपूर्ण लांबीवर जोडले जातात. तेथे गुणसूत्र तुटले तरी तुकडा पोरका होत नाही. फुलपाखरांनी तर सेन्प-ए हे प्रथिनच गमावले आहे, म्हणजे वर सांगितलेली जागेची आठवण तेथे अन्य मार्गाने राखली जात असली पाहिजे.