डी-डायमरवर विसंबू नका
वर एकांनी लिहिलंय की गुडघा बदलल्यावर पायाच्या शिरेत रक्ताच्या गुठळीची शंका आली तर डी-डायमर (गुठळीसाठीची रक्ताची टेस्ट) करून मोकळं व्हावं, पण ऑपरेशननंतर ती टेस्ट बहुतेकांची वाढलेलीच येते, त्यामुळे पॉझिटिव्ह आली तरी नक्की काहीच कळत नाही. सरळ डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) करायला सांगतात ते म्हणूनच, त्यात प्रोबने शीर दाबून बघतात, चांगली शीर दबते, गुठळी असलेली पूर्ण दबत नाही. ऑपरेशनचा पाय थोडा सुजतोच, पण एकाच पोटरीची सूज वाढत चालली, दुखायला लागली, दुसऱ्या पोटरीपेक्षा घेर ३ सेंमीहून जास्त भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि प्लीज, तेल लावून चोळत बसू नका हो, गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते!! अचानक दम लागला, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.